पहिला होकार आणि शेवटचा कागद

(चारकोप येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे मुद्रित रूप)



ज्या बाईंच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी जमतो त्या भूगोलाच्या शिक्षिका होत्या. त्यांच्या नावाने बोलायचं तर नकाशापासूनच सुरुवात करायला हवी. कांदिवली पश्चिमेचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. एका बाजूला लिंक रोड, मध्ये आपले सेक्टर, शासकीय औद्योगिक वसाहत, जुनं गावठाण. आणि पश्चिमेकडे वस्ती संपते तिथून तिवरांचा हिरवा पट्टा, त्यापलीकडे मनोरी-गोराईची खाडी. आपली चारकोपची वसाहत उभी राहिली ती 1985 साली सुरू झालेल्या, जागतिक बँकेचं कर्ज असलेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पातून. म्हाडाने भूखंड आखले, पाणी, गटार, रस्ता दिला आणि घर ज्याचं त्याने ऐपतीप्रमाणे बांधलं. त्यामुळे परवानगी, मंजूर नकाशा, शिक्का या गोष्टी चारकोपच्या माणसाला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

या नकाशावर आता एक नवी रेघ आली आहे. वर्सोवा ते भाईंदर सागरी किनारा रस्ता, लांबी सुमारे 26 किलोमीटर. वर्सोव्याहून निघून बांगूरनगर, मालाडचं माइंडस्पेस, तिथून जोडबोगद्याने चारकोप, मग चारकोपहून गोराई आणि पुढे दहिसर-भाईंदर. महापालिकेने काम टप्प्यांत वाटलं आहे आणि त्यांतल्या एका टप्प्याचा शेवट व दुसऱ्याची सुरुवात आपल्या चारकोपात आहे. बोगदा इथे वर येतो आणि रस्ता इथून खाडीकडे वळतो.

रस्ता हवा की नको, हा आजचा विषय नाही. या सभागृहात दोन्ही मतांची माणसं बसली आहेत आणि दोघांनाही रोज लिंक रोडवरूनच जावं लागतं. मला बोलायचं आहे ते या रस्त्याच्या कागदांबद्दल. अशा प्रकल्पाला आधी प्राथमिक होकार मिळतो आणि मग अंतिम मंजुरी. कायद्याने या दोहोंमध्ये जाणूनबुजून अंतर ठेवलं आहे. माझं म्हणणं असं, की खरा निर्णय पहिल्या होकारातच होऊन जातो, मधलं अंतर कोणी वापरत नाही, आणि आपण नागरिक जागे होतो ते शेवटचा कागद निघाल्यावर. हे का होतं आणि ते अंतर कसं वापरायचं, हे मी आज मांडणार आहे.

आपल्या ओळखीच्या गोष्टीवरून सुरू करू. इमारतीचं बांधकाम आधी आयओडी म्हणजे अटींसह प्राथमिक होकार, मग जोत्यापर्यंत सीसी म्हणजे काम सुरू करायचा दाखला, मग पूर्ण सीसी आणि शेवटी ओसी म्हणजे भोगवटा दाखला अशा पायऱ्यांनी चढतं. ओसी म्हणजे काय, तर जे कबूल केलं होतं ते प्रत्यक्षात बांधलं की नाही हे पाहून दिलेला दाखला. पण मुंबईत किती कुटुंबं ओसीविना वर्षानुवर्षं राहतात, ते तुम्हाला ठाऊक आहे. माणसं राहायला आली की ओसीचं महत्त्व कागदापुरतं उरतं, कारण भरलेली इमारत रिकामी करायची कोणाचीच छाती होत नाही. पर्यावरणाच्या परवानग्यांतही नेमकं हेच घडतं, फक्त तिथे इमारतीच्या जागी खाडी असते.

आता रेघ जिथून जाते तिथे कोणकोणते कायदे लागू होतात ते पाहू. तिवरांची जमीन बहुतांशी वनजमीन म्हणून नोंदलेली आहे, तेव्हा 1980 चा वन संवर्धन कायदा आला. 2023 पासून त्याचं नाव वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम झालं आहे. खाडीकाठ म्हणून 2019 ची किनारा नियमन अधिसूचना, म्हणजे आपली सीआरझेड, आली. आणि तिवरांना हात लावायचा म्हणून उच्च न्यायालय आलं. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये अंतरिम आणि 17 सप्टेंबर 2018 रोजी अंतिम निकाल देऊन राज्यभर कांदळवनतोडीला बंदी केली आहे. सार्वजनिक हिताचं काम असेल तरच, आणि तेही न्यायालयाची परवानगी घेऊन, तोड करता येते. बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल अॅक्शन ग्रुपच्या याचिकेतून हे संरक्षण मिळालं. आज पश्चिमेच्या खिडकीतून हिरवं काही दिसतं, त्यात त्या याचिकेचा मोठा वाटा आहे आणि त्याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

वनजमिनीची परवानगी आधी पाहतो, कारण पहिला आणि दुसरा टप्पा तिथे सर्वांत स्पष्ट दिसतो. महापालिकेसारखा प्रस्तावक केंद्राच्या परिवेश पोर्टलवर अर्ज करतो. वनाधिकारी जागा पाहतात, झाडं मोजतात, अभिप्राय देतात. राज्य सरकारची शिफारस केंद्राकडे जाते. केंद्राला पटलं तर पहिल्या टप्प्याची, म्हणजे तत्त्वतः, मंजुरी मिळते. तिच्यासोबत अटींची भलीमोठी यादी येते. जमिनीचं निव्वळ वर्तमान मूल्य भरा. पर्यायी वनीकरणाचा खर्च भरा. वनीकरणासाठी जमीन द्या, तिचा फेरफार वन विभागाच्या नावे करा. या अटी पूर्ण झाल्याचा अहवाल राज्य पाठवतं, तो तपासला जातो आणि मग दुसऱ्या टप्प्याची, अंतिम, मंजुरी. त्यानंतर राज्य सरकार आपला आदेश काढतं. कागदावर हा क्रम उत्तम आहे. आधी विचार, मग अट, मग पूर्तता, मग हुकूम.

वर्सोवा-भाईंदर रस्त्याला ही तत्त्वतः मंजुरी 2025 मध्ये मिळाली, शंभरहून अधिक हेक्टर वनजमिनीसाठी. डिसेंबर 2025 मध्ये उच्च न्यायालयाने 45,675 तिवरं तोडण्याची परवानगी दिली. पालिकेचं म्हणणं असं, की यांतली बरीचशी झाडं बांधकामापुरतीच जातील आणि नंतर त्या जागी पुन्हा लागवड होईल. न्यायालयाने भरपाईच्या लागवडीचा अहवाल दरवर्षी मागितला आहे आणि ही देखरेख दहा वर्षं चालायची आहे. हा दहा वर्षांचा मुद्दा लक्षात ठेवा, त्याकडे मी परत येणार आहे.

मघाचा क्रम मोडतो कुठे? पहिली जागा अटींच्या भाषेतच आहे. काही अटी पैसे भरून पूर्ण होतात, काही जमीन देऊन. पण कितीतरी अटी हमीपत्र देऊन पूर्ण होतात. 'राडारोडा वनजमिनीत टाकणार नाही', 'मजुरांचा तळ वनजमिनीत ठेवणार नाही', 'भरतीच्या पाण्याचा प्रवाह अडवणार नाही'. सही केलेलं हमीपत्र जोडलं की त्या रकान्यात 'पूर्तता झाली' असं लिहिलं जातं. काम अजून सुरूच झालेलं नाही, तेव्हा पूर्तता होणार तरी कशाची? अशा वेळी अंतिम मंजुरी ही वचन मिळाल्याची पावती होते. वचन पाळलं की नाही, हे तपासण्याचा टप्पा तिच्यानंतर यायला हवा, आणि त्या टप्प्याला धड नाव नाही, तारीख नाही, शिक्का नाही.

दुसरी जागा त्याहून गंभीर आहे. रस्ता, रेल्वे, वीजवाहिन्या, नळ अशा लांबट प्रकल्पांसाठी केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत एक सवलत आहे. तत्त्वतः मंजुरी मिळाली आणि भरपाईच्या रकमा भरल्या, की अंतिम मंजुरीची वाट न पाहता झाडतोड आणि काम सुरू करण्याची परवानगी देता येते. लांबट प्रकल्पाचं बरंचसं काम वनजमिनीबाहेर असतं, ते थोड्या कागदांपायी अडू नये, हा हेतू मला समजतो. पण परिणाम बघा. तोड पहिल्या होकारावर होते आणि अंतिम मंजुरीचा विचार होतो तो तोडलेल्या जमिनीबद्दल. सत्तर-ऐंशी वर्षांचं असो की पाच वर्षांचं, पडलेल्या तिवराला दुसऱ्या टप्प्याचा काही उपयोग नाही.

तिसरी जागा दाद मागण्याची. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या कायद्यात वनजमिनीबाबत अपील आहे ते राज्य सरकारच्या आदेशावर. केंद्राच्या तत्त्वतः मंजुरीवर थेट अपील चालत नाही, असं न्यायाधिकरणाने 2012 मध्येच स्पष्ट केलं. आदेश निघाल्यावर मुदत तीस दिवस, सबळ कारण असेल तर आणखी साठ. तेव्हा एखाद्या चारकोपकराला न्यायाधिकरणाच्या पुण्याच्या खंडपीठाकडे जायचं असेल तर त्याने अंतिम कागदाची वाट पाहायची, आणि तोवर आधीच्या होकारावर कामाची तयारी झालेली असायची. ही गाठ कायद्यानेच मारून ठेवली आहे, ती सोडवण्याचं कामही संसदेचं आहे, आणि ते व्हायला हवं असं मी स्पष्ट म्हणतो.

किनाऱ्याच्या परवानगीची वाट वेगळी. तिथे अर्ज जातो महाराष्ट्र किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे, सोबत प्राधिकृत संस्थेने काढलेला 1:4000 प्रमाणाचा नकाशा आणि पर्यावरणीय आघाताचा अहवाल. प्राधिकरण फक्त शिफारस करतं. मंजुरी केंद्र देतं किंवा राज्याचं पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरण देतं. तिवरांचा पट्टा सीआरझेड 1-अ मध्ये, सर्वांत कडक वर्गात मोडतो. तिथे रस्ता अपवाद म्हणूनच, संरक्षण, सामरिक गरज किंवा सार्वजनिक सोयीसाठी, आणि जितकी तिवरं जातील त्याच्या तिप्पट लागवड करण्याच्या अटीवर. हजार चौरस मीटरहून मोठं कांदळवन असेल तर भोवती पन्नास मीटरची राखीव पट्टी. ही सगळी अक्षरं आपल्याच बाजूची आहेत.

आता तिप्पट या शब्दाने समाधान मानू नका. वनजमिनीच्या बदल्यातल्या पर्यायी वनीकरणासाठी निवडलेली जमीन चंद्रपूर जिल्ह्यात आहे. चंद्रपूरला जंगल वाढलं तर चांगलंच, पण तिथला साग 26 जुलै 2005 सारख्या दिवशी इथलं पाणी धरून ठेवत नाही. त्या दिवशी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला होता आणि भरतीच्या वेळी शहराचं पाणी बाहेर जायला वाट नव्हती. तिवर लावायचं तर भरती-ओहोटीची जमीन लागते, आणि मुंबईच्या आसपास अशी जी जमीन आहे तिच्यावर बहुधा आधीपासूनच तिवरं उभी आहेत किंवा ती दुसऱ्या कशाच्या वापरात आहे. शिवाय तिवराच्या श्वसनमुळांच्या जाळ्यात चिखल धरला जातो, तिथे निवट्या, चिंबोऱ्या, कोळंबीची पिल्लं वाढतात. रोप लावल्यापासून ही सारी वस्ती यायला किती वर्षं लागतील, हे रोपांच्या आकड्यात दिसत नाही. म्हणून न्यायालयाने दहा वर्षं अहवाल मागितला, ही मला या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची ओळ वाटते. लावलेलं आणि जगलेलं यांतला फरक तिथे दाखवावा लागेल.

पहिल्याच कागदाला मी इतकं महत्त्व का देतो, याचं उत्तर गोव्यात आहे. मोपा विमानतळाला 28 ऑक्टोबर 2015 रोजी पर्यावरण मंजुरी मिळाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 29 मार्च 2019 रोजी न्यायालयाने ती मंजुरी स्थगित केली. कारण काय? अगदी सुरुवातीच्या अर्जात, फॉर्म 1 मध्ये, आसपासची जंगलं आणि संवेदनशील क्षेत्रं यांची माहिती नीट दिलेली नव्हती. या फॉर्मवरून अभ्यासाची कार्यकक्षा ठरते, कार्यकक्षेवरून अहवालाचा मसुदा, मसुद्यावरून जनसुनावणी, सुनावणीतल्या हरकती धरून अंतिम अहवाल, आणि त्यावरून तज्ज्ञ समितीची शिफारस. 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेने हा जिना बांधला आहे. तळच्या पायरीवर जे लपलं ते वरच्या कुठल्याच पायरीवर उघडं पडत नाही, कारण वरची प्रत्येक समिती खालून आलेलाच कागद वाचते. पुढे जानेवारी 2020 मध्ये न्यायालयाने जादा अटी घालून काम होऊ दिलं, विमानतळ उभाही राहिला. पण फॉर्म 1 खोटा किंवा अर्धवट असेल तर अंतिम मंजुरीही डळमळते, हे त्या निकालाने पक्कं केलं.

2019 मध्येच मुंबईत दुसरं उदाहरण घडलं. दक्षिणेकडच्या सागरी रस्त्याला 11 मे 2017 रोजी सीआरझेड मंजुरी मिळाली होती. 16 जुलै 2019 रोजी उच्च न्यायालयाने ती रद्द केली; फक्त किनाऱ्याची मंजुरी पुरेशी नाही, 2006 च्या अधिसूचनेखालची पर्यावरण मंजुरीही हवी होती, असं म्हणून. पाच महिन्यांनी, 17 डिसेंबरला, सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि काम पुढे गेलं. मार्च 2024 पासून तो रस्ता टप्प्याटप्प्याने खुला झाला. कोणती परवानगी लागते, हा प्रश्न अगदी पहिल्या दिवशी सुटायला हवा होता. तो सुटायच्या आधी भराव पडला. भराव पडल्यावर कायद्याचा प्रश्न आणि खर्चाचा प्रश्न एकत्र होतात, आणि खर्चाचा आवाज मोठा असतो.

याची अगदी अलीकडची साक्ष म्हणजे वनशक्ती या संस्थेचा खटला. आधी काम, मग मंजुरी या पद्धतीला 16 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. ओक आणि न्या. भुयाँ यांनी ठाम नकार दिला. हेच न्या. ओक 2018 च्या कांदळवन निकालातही होते. पण 18 नोव्हेंबर 2025 रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दोन विरुद्ध एक मताने तो निकाल मागे घेतला. बहुमताच्या विचारात एक मुद्दा होता तो उभ्या राहिलेल्या, जवळपास वीस हजार कोटींच्या सार्वजनिक प्रकल्पांचा. न्या. भुयाँ यांनी विरोधी मत नोंदवलं. मला त्यांचं मत पटतं. जे बांधून झालं तेच स्वतःचं समर्थन होऊ लागलं तर आधी विचारायचं कशाला, असं प्रत्येकालाच वाटेल.

चारकोपचा स्वतःचा अनुभव उलट दिशेचा आहे, तोही सांगायला हवा. चारकोप-वांद्रे-मानखुर्द मेट्रोची पायाभरणी 18 ऑगस्ट 2009 रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झाली. दोन्ही टोकांच्या डेपोंच्या जागा सीआरझेडच्या प्रश्नात सापडल्या, मार्गाच्या जमिनीचाही घोळ होता. पाच वर्षांनी, 2014 मध्ये, करारच संपुष्टात आला. मग आखणी बदलून दहिसर ते डी. एन. नगर ही 2अ मार्गिका आली आणि 2022-23 मध्ये सुरू झाली. पुष्कळ जण म्हणतात, परवानग्यांनी पाच वर्षं खाल्ली. मी म्हणतो, डेपोची जागा खाडीकाठी आहे हे 2009 च्या नकाशावरही दिसत होतं. पायाभरणीचा दगड बसवण्याआधी तो प्रश्न सुटला असता तर उशीर झाला नसता. प्राथमिक टप्प्याची घाई माणसांनाही महाग पडते, केवळ तिवरांना नाही.

दोन टप्प्यांमधलं अंतर वापरणारी एक पद्धतही आहे, छोट्या उद्योगांची; ती तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून आधी उभारणीची संमती घ्यायची, कन्सेंट टू एस्टॅब्लिश. यंत्रं बसली, सांडपाण्याची व्यवस्था झाली, की चालवण्याची संमती, कन्सेंट टू ऑपरेट. 1974 चा जल कायदा आणि 1981 चा वायू कायदा हे त्याचे आधार. इथे दोन टप्प्यांमध्ये प्रत्यक्ष पाहणीला जागा आहे आणि चालवण्याच्या संमतीला ठरावीक मुदत असायची. ती संपली की पुन्हा मंडळाच्या दारात. आपल्या औद्योगिक वसाहतीतल्या लहानशा कारखानदाराला दर काही वर्षांनी जे सिद्ध करावं लागायचं, ते सव्वीस किलोमीटरच्या रस्त्यालाही करावं लागलं पाहिजे. तेवढीच माझी मागणी आहे.

आता आपण काय करायचं. चारकोपपुरतं बोलतो. पहिलं, परिवेश पोर्टलवर या प्रकल्पाचा प्रस्ताव, समितीच्या बैठकांची इतिवृत्तं, मंजुरीची पत्रं पाहता येतात. कोणीतरी चार जणांनी बसून तत्त्वतः मंजुरीच्या अटी मराठीत उतरवाव्यात आणि ज्या अटी चारकोप-गोराई टप्प्याला लागतात त्या वेगळ्या काढाव्यात. महाविद्यालयातली मुलं हे काम आनंदाने करतील. दुसरं, प्रत्येक अटीपुढे लिहावं: ही पैशाने पुरी झाली, जमिनीने, की हमीपत्राने? हमीपत्राच्या अटींवर लक्ष ठेवणं हे आपलं काम, कारण खाडीत राडारोड्याचा डंपर रिकामा होतो तेव्हा तिथे समिती नसते, सकाळी फिरायला गेलेला माणूस असतो. त्याने फोटो काढावा, तारीख-वेळ ठेवावी, आणि राज्याच्या कांदळवन कक्षाकडे लेखी तक्रार द्यावी. 2012 पासून हा कक्ष आहे, त्याच कामासाठी आहे. तिसरं, गावठाणातल्या कोळी कुटुंबांना विचारावं, ओहोटीला पाणी कुठून निघतं, कुठली नाळ बुजली तर कुठे तुंबेल. ती माहिती 1:4000 च्या नकाशात नसते. लेखी स्वरूपात ती आत्ता, काम उभं राहण्याआधी, किनारा प्राधिकरणाकडे आणि पालिकेकडे पोहोचली पाहिजे.

आणि शेवटची गोष्ट. किनारा अधिसूचनेप्रमाणे प्रस्तावकाने अटींच्या पालनाचा अहवाल वर्षातून दोनदा द्यायचा आहे, 1 जून आणि 31 डिसेंबरला. तो सार्वजनिक करायचा आहे आणि अर्ज केला तर कोणालाही त्याची प्रत मिळायला हवी. वकील लागत नाही, संस्था लागत नाही. अर्ज साधा आहे, मी त्याचा नमुना व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांकडे देऊन ठेवला आहे. प्रत हाती आली की तीन आकडे शोधा: चारकोप-गोराई टप्प्यात प्रत्यक्ष किती तिवरं तोडली, बदल्यात कुठल्या गट क्रमांकाच्या जमिनीत किती लावली, आणि आधीच्या अहवालातली किती जगली. यांपैकी एकही आकडा अहवालात नसेल, तर तो नाही असं लिहून दुसरा अर्ज करा आणि त्याची पोच घ्या.